पौर्णिमेचा सदरा

ठाकुर्ली पूर्व,
८ डिसेंबर २०२४

चि. चांगदेव यास अक्काचा सप्रेम जयभीम.

परवा सहा तारखेला तू विहारात आला नाहीस, ते बरंच केलंस. गर्दी होती आणि दोन माणसं खोकत होती. मी त्यांच्यापासून लांब बसले, पण तुझ्यासाठी तेवढं लांब पुरलं नसतं.

पत्र बघून हसशील. हस. पण माझ्या कानांचं आता काही खरं नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे नंबर जोडून दिले, आणि आता सख्ख्या भावाचा फोन मला ऐकू येत नाही. यंत्र लावलं तर तुझ्या आवाजापेक्षा पंख्याचा आवाज मोठा येतो. व्हॉट्सअॅपवर तू नुसता अंगठा दाखवतोस. त्यावरून वाचलंस की नाही, काही कळत नाही. पत्राला उत्तर लिहावं लागतं, म्हणून पत्र.

माझी डावी किडनी तुझ्या पोटात जाऊन वर्ष उलटलं. लेक दिल्यासारखी दिली आहे. दिल्या घरी ती सुखात आहे का, हे विचारायचा मला हक्क आहे. तिचा ताजा रिपोर्ट कळव.

स्वप्नाला सांग, पथ्य होतं तेच ठेव. हॉस्पिटलातल्या मुलीनं म्हणे खाण्यापिण्याचा नवा कागद दिला होता. असेल. डायलिसिसची चार वर्षं तुला स्वप्नानं आणि मी सांभाळलं, त्या मुलीनं नाही. ज्या पथ्यानं तू टिकलास ते आता सोडायचं कशाला? तेव्हा दूध, दही, पनीर, नाचणी काही नको. डाळ नावापुरती. सुकट तर नाहीच. भाजी चिरून दोन पाण्यांत उकडायची आणि पाणी फेकून द्यायचं. उन्हात फिरायचं नाही, किडनीच्या गोळ्यांवर ऊन चांगलं नसतं. बाकी तू शहाणा आहेस, असं तुझी बायको म्हणते.

तुझी,
अक्का


नौपाडा, ठाणे,
१७ डिसेंबर २०२४

अक्का, सप्रेम जयभीम.

तुझी लेक सुखात आहे. क्रिएटिनिन एक पॉइंट एक. डॉक्टर म्हणाले, "चांगदेवराव, तुमच्यापेक्षा ताईंची किडनीच शिस्तीची आहे." मी म्हटलं, माहेरचं वळण.

पथ्याची काळजी करू नकोस. किडनी तुझी, तेव्हा हुकूम तुझा. तो नवा कागद मीच स्वप्नाला कपाटात ठेवायला लावला. माझ्या भाजीचं दोन्ही वेळचं पाणी ती गार करून गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते. माझ्या वाटणीचं सगळं खाऊन तो असा काही फोफावलाय की शेजारपाजारचे मागून नेतात. मला मात्र भेंडी आणि दुधी यांतला फरक आता फक्त डोळ्यांनी कळतो.

सहा तारखेला यायचं होतं खरं. गेल्या पौर्णिमेचा पांढरा सदरा काढला, घातला, तर पुढची कड खाली लोंबतेय आणि मागची वर चढलीये. माझ्या हातचा सदरा असा! स्वप्ना म्हणाली, धुऊन कापड आटलं असेल. मी म्हटलं, असेल. असला सदरा घालून शिंप्यानं लोकांत जाऊ नये म्हणून गेलो नाही. कंबर जरा धरते, पण ती मशीनवर बसून बसून. दुकान ठीक चाललंय. लग्नाचे ब्लाउज आलेत, म्हणजे रोजची भांडणं आलीत.

तू नीट जेवतेस ना? तुझ्या खाण्याबद्दल तू कधी काही लिहीत नाहीस.

तुझा,
चांगदेव


ठाकुर्ली,
२१ जानेवारी २०२५

चि. चांगदेव,

माझ्या खाण्याला काय धाड भरली आहे? तुझं जसं चाललंय तसं माझंही चाललंय.

कंबर धरते हे मला आवडलं नाही. बाम चोळ, गरम पाण्याची पिशवी घे, पण दुखणं थांबवायची गोळी मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नकोस. त्या गोळ्या किडनीला घातक असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि मशीनवर खिडकीकडे पाठ करून बस. तुझ्या दुकानात सकाळचं ऊन थेट आत येतं. पडदा लाव.

यंदा बुद्धपौर्णिमा बारा मेला आहे. विहारातली खीर नेहमीप्रमाणे माझ्याकडेच. वासंती म्हणते, अक्का, आता तुमचं वय झालं, आम्ही करतो. शेजारीण म्हणून चांगली आहे, पण तिची खीर पिठल्यासारखी होते. मी अजून पातेलं उचलते. तू ये, पण खिरीच्या वेळी माझ्या शेजारी बस, म्हणजे कुणी प्रेमानं वाटी हातात देणार नाही.

अक्का


नौपाडा,
१६ मार्च २०२५

अक्का, सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस, पडून होतो. फेब्रुवारीच्या शेवटी दुकानात कापडाचा तागा फळीवरून काढत होतो. जड नव्हता, नेहमीचाच. पाठीत काहीतरी काड्कन झालं आणि मी तागा पोटाशी धरून खाली बसलो. गिऱ्हाइकाला वाटलं, मी कापड बघायला बसलोय. तिनं रंगही सांगितला.

फोटो काढला. पाठीचा एक मणका दबलाय. मग हाडं किती भरीव उरलीत ते मोजायच्या मशीनखाली झोपवलं. फार भरीव नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं असं की किडनी बिघडलेली असते तेव्हाच हाडं आतून खराब होऊ लागतात, आणि नवी बसवल्यावर ज्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती अंगाला मानवते, त्याच गोळ्या हाडं झिजवतात. पहिल्या वर्षात जास्तच. मी विचारलं, मग गोळ्या बंद करू? ते खुर्चीतून अर्धे उठले. "एक गोळी स्वतःच्या मनानं बंद केलीत तर किडनी घालवून बसाल. कमी करायच्या तर आम्ही करू." आता हाडांसाठी वेगळं औषध सुरू झालंय. पुन्हा पडायचं नाही, वजन उचलायचं नाही. पुढच्या वेळी खुब्याचं हाड गेलं तर अंथरुणाला खिळाल, असं त्यांनी स्वप्नाच्या देखत सांगितलं. तेव्हापासून ती मला पाण्याची बादलीही उचलू देत नाही. खरं सांगायचं तर मीही घाबरलोय. मशीनवरून उठताना आधी टेबल धरतो, मग उठतो.

त्या सदऱ्याचं कोडं सुटलं. कापड आटलं नव्हतं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं आम्ही हेच बघतो: पाठीला बाक आला की मागची कड वर जाते आणि पुढची लोंबते. मग त्यांचा सदरा मागून लांब आणि पुढून आखूड कापायचा. अंगावर चढला की सरळ दिसतो. गिऱ्हाइकाला त्यातलं काही सांगायचं नसतं. इतकी वर्षं लोकांच्या पाठी बघितल्या, स्वतःची तेवढी बघायची राहिली.

तुझ्या लेकीला काही झालेलं नाही. ती मजेत आहे. पथ्य आहे तसंच चालू आहे, त्याची काळजी नको. इकडे ऊन वाढलंय. कढीपत्ता पिवळा पडायला लागलाय.

तुझा,
चांगदेव


ठाकुर्ली,
९ एप्रिल २०२५

चि. चांगदेव,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मग तुझ्या लहानपणीचा फोटो काढून बघितला, का ते विचारू नकोस. पाठीला पट्टा लावतोस ना? दुकानातले तागे पोराटोरांना उचलायला सांग. त्यात कमीपणा कसला?

पथ्य सोडलं नाहीस हे एक बरं केलंस. हाडं गेली तर गेली, निदान किडनी तरी शाबूत राहू दे. आणि कढीपत्त्याला उन्हानं काही होत नाही रे, त्याला ऊन आवडतं. स्वप्नाला म्हणावं, पाणी जरा जास्त घाल.

दुसरं काम. पौर्णिमेसाठी मला पांढरा ब्लाउज शिवून दे. मापाचा सोबत पाठवला आहे. फक्त बाह्या यंदा लांब कर, मनगटापर्यंत. आणि डावी बाही चांगली सैल ठेव, बाजूनं उघडी, टिचबटणं लावून. हल्ली तशी फॅशन आहे, टीव्हीवर बघितली. वाद घालू नकोस, शिव.

अक्का


नौपाडा,
२० एप्रिल २०२५

अक्का,

ब्लाउज कापायला घेतला आणि कात्री खाली ठेवली.

एकच बाही सैल, बाजूनं उघडी, टिचबटणांची. असली फॅशन कुठल्या टीव्हीवर असते? मी हा ब्लाउज आधी एकदा शिवलाय. नवऱ्या मुलाची आई होती, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी तिचा हात प्लास्टरमध्ये गेला होता. सबंध ठाण्याला गंडव, पण शिंप्याला बाहीवरून गंडवू नकोस.

मी स्वप्नाला वासंतीबाईंना फोन लावायला सांगितला. त्यांनी आधी दोन मिनिटं तब्येतपाणी केलं. मग त्यांना राहवलं नाही. "अहो वहिनी, अक्का पडलेल्या ना! विहाराच्या पायरीवर पाय चुकला. नुसत्या बसल्यासारख्या पडल्या हो, हात टेकला आणि मनगट गेलं. मला शपथ घातलेली, ठाण्याला बोलायचं नाही म्हणून. हाडांचा डॉक्टर बोलला, आजी, दूध वगैरे घेता की नाही? मी म्हटलं, यांच्याकडे दूधवाला कुठं येतो? काळा चहा पितात. भावाला चालत नाही ते मी कसं खाऊ, असं बोलतात. भाजीपण तसलीच, उकडून पाणी फेकलेली. चार-पाच वर्षं झाली असतील."

स्पीकर चालू होता. मी सगळं ऐकलं.

आता माझं ऐक. मार्चच्या पत्रात मी तुला अर्धंच लिहिलं. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, जेवता काय? स्वप्नानं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, हे डायलिसिसवरच्या माणसाचं पथ्य आहे. तेव्हा फॉस्फरस रक्तात साठतो म्हणून दूध-डाळ बंद करतात. आता चांगली किडनी बसलीये, ती उलट बाहेर टाकतेय. तुमचा कमी पडलाय! पोटॅशियमही ठीक आहे, मग भाज्यांचा जीव का काढताय? ऊन नाही, दूध नाही, हाडांनी करायचं काय? कुणी सांगितलं हे?" मी म्हटलं, घरची पद्धत आहे. स्वप्ना बाहेर आल्यावर म्हणाली, "अक्कांना कळवा." मी म्हटलं, अजिबात नाही. किडनी देऊन वर हे ऐकायचं, असं तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला वाटलं.

म्हणून मार्चपासून मी रोज दूध पितोय, नाचणीची आंबील घेतोय, सकाळी कोवळ्या उन्हात चालतोय. भाजीचं पाणी बंद झालं म्हणून कढीपत्ता पिवळा पडला. त्यानं चहाडी केली होती, पण तुझ्या लक्षात आलं नाही. मी इकडे दूध पीत होतो आणि तुला लिहीत होतो की पथ्य चालू आहे. त्या शब्दावर तू तिकडे काळा चहा पीत राहिलीस.

वाईट वाटलं एवढं लिहून भागणार नाही. फोन ठेवल्यावर मला रडू फुटलं, दुकानात, ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईसमोर. ती बिचारी म्हणाली, मी उद्या येते.

ब्लाउज शिवतोय. बाही हवी तशीच ठेवतो.

चांगदेव


ठाकुर्ली,
२९ एप्रिल २०२५

चि. चांगदेव,

चार दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. भांडणात मीच जिंकले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझ्या पथ्यानं तुझा मणका मोडला, असं तू कुठंही लिहिलेलं नाहीस. डॉक्टरांनी आजार सांगितला, गोळ्या सांगितल्या, आणि त्यात माझ्या पथ्याची भर पडली. तू ते लिहायचं टाळलंस, तरी मला वाचता येतं. एका हातानं किडनी दिली आणि दुसऱ्या हातानं तुझी हाडं काढून घेतली, असं मला रात्रंदिवस वाटतंय. तू मार्चमध्येच सांगितलं असतंस तर मी रडले असते, आदळआपट केली असती, आणि दूध प्यायले असते. तुला माझ्या रडण्याची भीती वाटली. मला तेवढी कच्ची समजलास, याचा मला जास्त राग आहे.

मीही हात मोडल्याचं लपवलं, हे तू म्हणणार. म्हण. पण तुझी पाठ मोडलेली असताना मी कसं कळवणार होते? तू पट्टा बांधून ठाकुर्लीला धावत आला असतास आणि माझ्या जिन्यात पडला असतास.

डोंबिवलीच्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं, किडनी दिली म्हणून हाड मोडलं का? ते म्हणाले, तसं नाही, तुमचं वय आणि तुमचं खाणं. तुम्ही नेहमीसारखं जेवायला हवं होतं, दिलेल्या माणसाला कसलं पथ्य? आता मलाही गोळ्या आहेत. दूधवाला परवापासून येतोय. पहिल्या दिवशी दूध ओतू गेलं, सवय राहिलेली नाही.

उपासानं बुद्धांच्या शरीराचा नुसता सापळा उरला, तेव्हा सुजातेच्या हातची खीर घेतली आणि मग ज्ञान झालं, ही गोष्ट मी दर पौर्णिमेला विहारात मुलांना सांगते. सांगून झाली की त्यांना खीर वाढते, पातेलं घासते आणि घरी येऊन काळा चहा पिते. इतकी वर्षं त्या गोष्टीतलं माझ्या डोक्यात काय शिरलं, कोण जाणे.

बारा तारखेला तू आणि स्वप्ना या. खीर मीच करणार, ढवळायला वासंती आहे. डॉक्टरांना विचारून ये, किती चालेल ते. मी खाल्ल्याशिवाय तू खाऊ नकोस, कारण तुझ्या शब्दावर माझा आता विश्वास नाही. तू खाल्ल्याशिवाय मीही खाणार नाही. कसं जमवायचं ते तिथं बघू.

अक्का


नौपाडा,
५ मे २०२५

अक्का, सप्रेम जयभीम.

येतो. डॉक्टरांना विचारलं. मोठी वाटी चालेल म्हणाले, साखर बेतानं. क्रिएटिनिन तेवढंच. पाठ आता बरी आहे, पट्टा लावून थोडं चालता येतं. तुझ्याकडे जिना चढताना स्वप्ना मागे असेल, मी कठडा धरीन, आणि तू वरून ओरडायचं नाहीस.

ब्लाउज तयार आहे. बाही उघडून बघितली, प्लास्टर आरामात जाईल. माझ्यासाठीही नवा सदरा शिवतोय. जुना आता घालवत नाही.

तुझा,
चांगदेव


ठाकुर्ली,
१५ मे २०२५

चि. चांगदेव यास अक्काचा सप्रेम जयभीम.

घरी नीट पोहोचलात हे स्वप्नाच्या मेसेजवरून कळलं. तुझा अंगठाही मिळाला.

वासंती अजून सगळ्यांना सांगत सुटली आहे की दोघं बहीणभाऊ वाटी हातात धरून एकमेकांकडे टक लावून बसले होते, आणि खिरीवर साय आली तरी कुणी चमचा उचलेना. शेवटी स्वप्नानं आपला चमचा दोघांच्या तोंडात एकेकदा कोंबला, तेव्हा कुठं सुरुवात झाली. खीर गोड कमी झाली होती, पण मला ती फार आवडली. तू दुसरी वाटी मागितलीस तेव्हा मला आत जावं लागलं. पाणी प्यायला गेले नव्हते.

आता एक सांगायचं राहिलं. तू विहारात पुढे रांगेत बसला होतास, आणि मी मागून बघत होते. वंदनेला उभा राहिलास तेव्हा तुझा नवा सदरा पुढून-मागून अगदी सरळ होता. एक क्षणभर मला वाटलं, औषध लागू पडलं, पाठ सरळ झाली. मी वासंतीला कोपरानं ढोसलंही. घरी येऊन तुझं मार्चचं पत्र पुन्हा काढलं तेव्हा कळलं. सदरा मागून लांब आणि पुढून आखूड कापला होतास. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा कापतोस तसा, आणि गिऱ्हाइकाला काही सांगायचं नसतं तसा.

मी तुझं गिऱ्हाईक नाही. पुढच्या पौर्णिमेला सदरा सरळ काप. कड खाली-वर दिसली तर दिसू दे. माझ्या हाताला प्लास्टर होतं ते सगळ्या विहारानं बघितलंच की. तुझी पाठ किती वाकली आहे ते मला बघायचं आहे.

दूधवाला आलाय, पातेलं घेऊन जाते.

तुझी,
अक्का